हायपोचें पाणी

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या पुतण्यानें माडीवर जुन्या पद्धतीनें फोटो धुण्याचा उद्योग आरंभिला. तांबडा दिवा, तीन ट्रे, खिडकीला काळें कापड. मुलांची चंगळच झाली. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं विचारलें, "भावोजी, हें उग्र वासाचें पाणी पोफळींच्या आळ्यांत रोज ओततात, तें बरें का?" आळ्यापासून आमची विहीर पंधरा हातांवर आहे, आणि दापोलीचा जांभा म्हणजे चाळणच.

ह्या कामांत गृहिणीचा हात नवा नाहीं. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ह्या चित्रपटाची फिल्म धुण्यास सरस्वतीबाई दादरच्या घरीं साह्य करीत असत.

फिल्मवर रौप्यक्षारांचा थर असतो. प्रकाश लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो. उरलेले क्षार हायपो विरघळवून नेतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं दाखविला. म्हणजे चित्रांत न राहिलेली चांदी हायपोंत येते. पुष्कळ वापरलेल्या हायपोच्या एका लिटरांत ती कित्येक ग्रॅम असते. हायपोनें बांधलेली चांदी मोकळ्या चांदीइतकी जलचरांस घातक नसते, मातीही बरीचशी धरून ठेवते. परंतु धरून ठेवलेली म्हणजे नाहींशी झालेली नव्हे. शौचकूपाच्या टाकींतही हें पाणी सोडूं नये. तेथील जंतूंवरच टाकीचें काम चालतें.

वापरलेला हायपो घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणींत सांठवावा व तीवर नांव, तारीख लिहावी. (लोणच्याच्या फळीवर ठेवूं नये, हें सांगावें लागूं नये, पण सांगावें लागलें!) त्यांत बारीक पोलादी लोकर टाकली असतां लोखंड विरघळतें आणि चांदी काळसर गाळ होऊन बसते. भांडीं घासण्याची न गंजणारी तार येथें निरुपयोगी. गंजणारेंच लोखंड हवें. आम्ल मात्र कदापि ओतूं नये, गुदमरविणारा वायु निघतो. वरचें पाणीही विहिरीजवळ नको.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीं रुग्णालयांस क्ष-किरण फिल्म धुण्याचा द्रव निराळा गोळा करण्याचें बंधन घातलें आहे. घराला तें लागू नसलें तरी विहीर घराचीच आहे. पुतण्यानें बरणी घेऊन एका क्ष-किरण केंद्रांत विचारणा केली आहे. विहिरीचें पाणी तपासणीस दिलें आहे. उत्तर येईपर्यंत वहिनींनीं माडीची किल्ली आपल्या कमरेला लावली आहे.