राघोबादादा, कंपनी आणि कोपरगाव : ‘विश्वासघात’ म्हणण्यापूर्वी

१/ ‘इंग्रजांनी भोळ्या राघोबादादांचा विश्वासघात केला’ हे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. दादांचा अंत ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावी झाला. त्याआधीच्या नऊ वर्षांचा हिशेब तपासला, तर हे विधान टिकत नाही.

२/ समोर होती ती व्यापारी कंपनी. मार्च १७७५ चा सुरतेचा तह हा उघड सौदा होता. कंपनीने २,५०० सैनिक द्यावेत. दादांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर आणि साष्टी-वसई द्यावी.

३/ धोक्याच्या खुणा तेव्हाच स्पष्ट होत्या. बोलणी चालू असतानाच, डिसेंबर १७७४ अखेरीस, कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला होता. शिवाय १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार असा तह करण्यास कलकत्त्याची संमती लागे. मुंबईकरांकडे ती नव्हती. सही करणाऱ्यास सहीचा अधिकार आहे काय, हा कोणत्याही व्यवहारातील पहिला प्रश्न.

४/ कलकत्त्याने तह अमान्य केला. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहात दादांसाठी तरतूद झाली : कोपरगावी वास्तव्य, दरमहा २५,००० रुपये. दादांनी ती नाकारली आणि पुन्हा त्याच मुंबईकरांवर भिस्त ठेवली. १७७९ मध्ये वडगावला मुंबईची फौज नमली. १७८२ च्या साल्बाईच्या तहाने दादांना काय दिले? दरमहा तेच २५,००० रुपये. आणि मुक्काम? तेच कोपरगाव.

५/ ‘त्यांना पर्याय नव्हता’ हा बचाव १७७५ पुरता काहीसा मान्य करता येईल. १७७६ मध्ये पर्याय लेखी स्वरूपात समोर होता. पहिल्यांदा पारख चुकली; दुसऱ्यांदा अनुभव हाती असूनही ती केलीच नाही.

६/ आता बारभाईंकडे पाहा. नाना फडणीस आणि सखारामबापू यांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा कधीच नव्हता. तरीही त्यांनी तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे कारभार उभा केला, कारण तिथे एकाच्या शब्दावर सारे अवलंबून नव्हते. बापूंवरचा संशय बळावल्यावर ते कैदेत गेले. कारभार चालूच राहिला.

७/ भागीदार निवडणाऱ्या आजच्या तरुण उद्योजकांना ‘माणसांवर विश्वास ठेवा’ एवढेच सांगणारे निम्मेच सांगतात. अटकेपर्यंतच्या मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या दादांकडे धाडसाची वाण नव्हती. समोरच्याची आधीची वर्तणूक, त्याचा अधिकार आणि त्याचा स्वार्थ या तीन गोष्टी न तपासता त्यांनी आपले जवाहीर गहाण टाकले. त्याचा सारा दोष कंपनीच्या माथी मारणे म्हणजे त्यांच्या चुकीतून काहीच न शिकणे होय.