कोजागरीची पायपीट आणि दुधाचा हिशेब

अश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर रस्ता चालणाऱ्यांनी भरून जातो. पल्ला साधारण 45 किलोमीटरचा. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडीला किक मारणारी माणसे तो पार करतात, देवीचे दर्शन घेतात, चार दिवस तळपायाच्या फोडांना तेल लावतात, आणि त्यांचे चालणे पुढच्या कोजागरीपर्यंत संपते. म्हणजे पायांत बळ नाही असे नव्हे. यात्रेला तिथी ठरलेली असते, वाटेवर किलोमीटरचे दगड असतात, किती आलो आणि किती उरले हे कळत असते. रोजच्या चालण्याला यातले काहीच नसते. ते टिकत नाही याला आळसापेक्षा हिशेबाचा अभाव अधिक कारणीभूत आहे, असे माझे मत आहे.

याला आधार आहे. पावले मोजणारे यंत्र कमरेला लावलेल्या लोकांवरच्या 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ही माणसे आधीपेक्षा सुमारे 27 टक्के जास्त चालू लागली होती. मात्र ज्यांच्यापुढे ठरावीक लक्ष्य होते त्यांच्यातच हा फरक ठळक होता. लंडनमध्ये 45 ते 75 वयाच्या लोकांना 12 आठवडे असे यंत्र आणि नोंदवही दिली, तर तीन वर्षांनंतरही ते इतरांपेक्षा रोज सहाएकशे पावले अधिक चालत होते. (दहा हजारांचा आकडा मात्र वेदवाक्य मानू नये, तो 1965 च्या एका जपानी यंत्राच्या नावातून आला आहे.)

मग मनगटी घड्याळ घ्यावे का? माझा कल नाही म्हणण्याकडे आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अमेरिकी प्रयोगात, स्वतःच्या हाताने नोंदी करणाऱ्यांचे वजन सरासरी 5.9 किलो घटले, अंगावर यंत्र बाळगणाऱ्यांचे 3.5 किलोच. यंत्र आपल्या वतीने लिहिते, म्हणून आपण वाचायचे विसरतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. आपल्या घरांत याहून जुनी सोय आहे. दूध किती आले, खाडा कधी झाला, गॅसची टाकी कधी लावली, हे कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिले जाते आणि महिनाअखेरीस गवळ्याशी वाद होत नाही. त्याच चौकोनात चाललेली मिनिटे लिहावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला किमान 150 मिनिटे झपाट्याने चालणे पुरे. बेरीज रविवारी करावी.

मोजले की चालण्यातली मजा जाते, हा आक्षेप खोटा नाही. 2016 च्याच काही प्रयोगांत तसे आढळले आहे. पण ज्याला चालण्याची मुळातच गोडी आहे त्याने खुशाल वही फेकावी, हा सल्ला त्याच्यासाठी नाहीच. दुसरी भीती अशी की एक चौकोन रिकामा राहिला की माणूस सगळेच सोडतो. लंडनमध्येच झालेल्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 पासून 254 पर्यंत दिवस लागले, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तुळजापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. इथे खुद्द देवीही मंचकी निद्रा घेते, तीही पंचांगाप्रमाणे, आणि ठरल्या तिथीला पुन्हा सिंहासनावर येते. खाडा लिहावा, दुधाचाही आपण लिहितोच.

राहिला तो घरोघरचा युक्तिवाद: दिवसभर कामात असतो, वेगळे चालायचे कशाला? ऊस तोडणाऱ्याच्या, खुरपणी करणाऱ्या बाईच्या तोंडी तो शंभर टक्के खरा आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याचे किंवा कचेरीतल्या कारकुनाचे तसे नाही. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, स्त्रियांत 57. स्वयंपाकघरात दिवस उभ्याने काढणाऱ्या बाईला हा आकडा ऐकून राग येईल, आणि तो रास्त आहे, कारण थकवा खराच असतो. फक्त उभे राहणे आणि दम लागेल असे चालणे यांतले अंतर थकव्यावरून कळत नाही. एक आठवडा दोन्ही वेगवेगळे लिहून पाहावे. आणि चौकोन रिकामेच राहिले, तर तिला चालायला अर्धा तास कोण मोकळा करून देत नाही, हे घरातल्या बाकीच्यांनी त्याच भिंतीवर वाचावे.