कच्चं कुणाचं, पक्कं कुणाचं? पंक आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भांडणातून आपण काय घ्यायचं

भीमजयंती जवळ आली की आपल्या कार्यकर्त्यांमध्ये एक वाद हमखास पेटतो. एक गट म्हणतो, चळवळीचं गाणं साधं आणि थेट हवं, वस्तीतल्या शेवटच्या पोराला कळलं पाहिजे. दुसरा गट म्हणतो, किती वर्षं त्याच चालीवर तेच शब्द बसवायचे? संगीत शिका, प्रयोग करा. मग पहिला दुसऱ्याला ब्राह्मणी सौंदर्यशास्त्राचा गुलाम ठरवतो आणि दुसरा पहिल्याच्या गाण्याला नुसता आरडाओरडा म्हणतो.

माझं म्हणणं असं की ही वाटणीच खोटी आहे, आणि ती टिकण्यात आपल्या विरोधकांचा फायदा आहे. हे समजून घ्यायला पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये जाऊ. तिथे हाच वाद पंक विरुद्ध प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने गाजला होता.

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे बोलीभाषेत प्रोग. यस, जेनेसिस, किंग क्रिमसन, इमर्सन लेक अँड पामर हे त्यातले मोठे बँड. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझ रॉकमध्ये आणायचं, ताल मध्येच बदलायचे, गाणं लांबवायचं ही त्यांची पद्धत. यसच्या १९७२ च्या ‘क्लोज टू द एज’ या अल्बमचं शीर्षकगीत रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापतं. पुढे हा प्रकार थाटामाटात बुडाला. १९७५ मध्ये रिक वेकमनने राजा आर्थरची कथा लंडनच्या वेम्बलीत बर्फावर स्केटिंग करणारे कलाकार घेऊन सादर केली. त्याच दशकात ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. ज्या पोराकडे नोकरी नाही, त्याला हे संगीत दुसऱ्याच्या बंगल्यातून ऐकू येणाऱ्या पार्टीसारखं वाटलं तर नवल नाही.

१९७६ मध्ये पंक आलं. सेक्स पिस्टल्स, द क्लॅश, द डॅम्ड. दोन-तीन मिनिटांची गाणी, मोजके कॉर्ड, स्वस्त गिटार. तुला वाजवता येत नसलं तरी तू बँड काढू शकतोस, हा त्यांचा संदेश. स्वतः रेकॉर्ड काढा, स्वतः मासिक छापा, कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. ही मोठी लोकशाही गोष्ट होती. तिचं श्रेय पंकला दिलंच पाहिजे.

इथून पुढे दंतकथा सुरू होते: पंक आलं आणि त्याने प्रोगला मारलं. पुरावा म्हणून सेक्स पिस्टल्सच्या जॉन लायडनचा, म्हणजे जॉनी रॉटनचा, टी-शर्ट दाखवतात. पिंक फ्लॉइडच्या छापील टी-शर्टवर त्याने ‘मला यांचा तिटकारा आहे’ अशा अर्थाचे शब्द हाताने लिहिले होते. पण हाच लायडन जुलै १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड्स घेऊन गेला. त्यात रेगे होतं, जर्मनीतला ‘कॅन’ हा प्रयोगशील बँड होता आणि पीटर हॅमिलची गाणी होती. हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटर या पक्क्या प्रोग बँडचा गायक. १९७५ मध्येच त्याने ‘नादिर्स बिग चान्स’ नावाचा एक अल्बम काढला होता. पंक हे नाव घराघरांत पोचण्याआधीच त्या अल्बममध्ये पंकचा खरखरीतपणा आहे. लायडनने पुढे सांगितलं की रेडिओवरचा तो कार्यक्रम त्यांचा मॅनेजर माल्कम मॅक्लारेनला आवडला नव्हता. आवडणार कसा? अडाणी, रागीट पोरगा ही प्रतिमा बाजारात खपत होती. तो पोरगा जाणकार श्रोता निघाला तर माल बिघडतो.

उदाहरणं आणखी आहेत. द डॅम्डने १९७७ मध्ये दुसऱ्या अल्बमसाठी पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटला निर्माता म्हणून मागितलं. तो मिळाला नाही, म्हणून त्याच बँडच्या निक मेसनने काम केलं. द क्लॅशच्या संस्थापकांपैकी कीथ लेव्हीन हा यसचा चाहता. मिसरूड फुटण्याच्या वयात तो त्यांच्या दौऱ्यात सामान वाहायला गेला होता. नंतर त्याने लायडनबरोबर पब्लिक इमेज लिमिटेडमध्ये गिटार वाजवली. किंग क्रिमसनचा रॉबर्ट फ्रिप न्यूयॉर्कला गेला आणि १९७८ मध्ये ब्लॉन्डीच्या व १९७९ मध्ये टॉकिंग हेड्सच्या रेकॉर्डवर वाजवून आला. १९८१ मध्ये त्याने किंग क्रिमसन पुन्हा उभा केला, तेव्हा टॉकिंग हेड्ससोबत वाजवलेला एड्रियन बेल्यू त्यात होता. पुढे कार्डियाक्ससारख्या बँडने दोन्हीचं असं मिश्रण केलं की लोकांनी त्याला ‘प्रॉन्क’ असं जोडनाव दिलं. म्हणजे वादक या कुंपणावरून सतत ये-जा करत होते. कुंपण जपत होती ती संगीताची साप्ताहिकं आणि बाजार.

वर्गाचा मुद्दा घ्या. प्रोग म्हणजे श्रीमंतांची पोरं आणि पंक म्हणजे कामगारांची, असं सरसकट सांगितलं जातं. जेनेसिस चार्टरहाऊससारख्या महागड्या शाळेतून आला, हे खरं. पण यसचा गायक जॉन अँडरसन लँकेशरमधल्या अ‍ॅक्रिंग्टन या गिरणीगावचा. त्याने शेतमजुरी केली, ट्रक चालवला. आणि द क्लॅशचा जो स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, बोर्डिंग शाळेत शिकलेला. लायडन मात्र खरोखर आयरिश स्थलांतरित मजुराच्या घरातला. वाद्य कोणतं आणि कॉर्ड किती, यावरून माणसाचा वर्ग ओळखता येत नाही. राजकारण तर त्याहून नाही.

हा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. राग असला की तो आपोआप पुरोगामी असतो, असं आपण समजतो. सुरुवातीच्या पंकमध्ये सिड व्हिशस आणि सूझी स्यू यांनी लोकांना धक्का द्यायला नाझी स्वस्तिक मिरवलं. स्क्रूड्रायव्हर नावाचा बँड पंक म्हणून सुरू झाला आणि पुढे उघड नाझी प्रचारक बनला. तीच गिटार, तोच आरडाओरडा. दुसरीकडे, ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली, तेव्हा त्याला उत्तर म्हणून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ ला हजारो लोक ट्रॅफल्गर चौकातून चालत व्हिक्टोरिया पार्कला गेले. तिथे द क्लॅश, स्टील पल्स हा रेगे बँड आणि एक्स-रे स्पेक्स वाजले. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन सोमाली बापाची, गोऱ्या आईची मुलगी. त्या लढ्यात पंक आणि रेगे पुढे होते, प्रोगचे कोट्यधीश नव्हते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण इटलीत बघा. तिथला ‘एरिया’ हा बँड अत्यंत अवघड संगीत वाजवायचा आणि कामगार-विद्यार्थ्यांच्या डाव्या मेळाव्यांत जायचा. १९७४ मध्ये त्यांनी ‘इंटरनॅशनल’ हे कामगारगीत आपल्या ढंगात रेकॉर्ड केलं. त्यांचं संगीत अवघड होतं म्हणून कामगारांनी त्यांना हाकललं नाही.

आता वॉशिंग्टनचे ‘बॅड ब्रेन्स’. चार काळे तरुण. त्यांच्या बँडचं आधीचं नाव ‘माइंड पॉवर’ होतं आणि ते जॅझ-फ्युजन वाजवायचे, म्हणजे प्रोगचं सख्खं भावंड. त्या तालमीतून हात तयार झाले आणि मग ते पंककडे वळले. त्यांच्याइतकं वेगवान आणि नेमकं हार्डकोर पंक त्या काळात क्वचितच कुणी वाजवलं. तो वेग अडाणीपणातून आलेला नाही, रियाजातून आलेला आहे. तरी काळ्या माणसाचं संगीत म्हटलं की जग ‘उपजत’, ‘रांगडं’, ‘रक्तातलं’ हेच शब्द वापरतं. गोऱ्याने केलं तर ती साधना, काळ्याने केलं तर तो स्वभाव.

हे वाक्य आपल्याला नवं आहे का? हलगीच्या अंगावर काटा आणणाऱ्या तालांना ‘शास्त्रीय’ कोण म्हणतं? पिढ्यान्‌पिढ्या मांग वादकांनी ते घडवले, पण ते ‘लोकवाद्य’. वामनदादा कर्डक वयात आल्यावर अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. त्यांच्या छंदाची आणि यमकाची चिकित्सा किती झाली? त्यांना ‘उत्स्फूर्त’ म्हणून हार घातला की प्रस्थापितांची जबाबदारी संपते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. अनेकांना त्या कवितेत फक्त शिव्या दिसल्या. तिची गुंतागुंतीची बांधणी, बोली आणि प्रमाण भाषेची तिने घातलेली सांगड दिसायला वेळ लागला. ढसाळांकडे पंकचा घाव होता आणि प्रोगची रचनाही होती. एकाच ओळीत दोन्ही.

म्हणून जेव्हा आपलाच कार्यकर्ता म्हणतो की ‘आपलं गाणं रांगडंच हवं’, तेव्हा तो नकळत प्रस्थापितांनी आपल्याला दिलेली खोली झाडून घेत असतो. कौशल्य ही ब्राह्मणांची जहागीर आहे, हे त्याने मान्यच करून टाकलेलं असतं. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यात पहिला शब्द ‘शिका’ आहे. तो फक्त स्पर्धा परीक्षेपुरता नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शिकायला वेळ आणि पैसा लागतो. प्रोगवाल्यांचे मेलोट्रॉन आणि मूग सिंथेसायझर महाग होते, आपल्या पोरांकडे साधा कीबोर्ड नसतो. मान्य. पण याचं उत्तर ‘शिकू नका’ हे असू शकत नाही. इथेच पंककडून घ्यायचं आहे: संस्थेची वाट न पाहता स्वतःची व्यवस्था उभी करणं. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आला. पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने आणि संगीतकार तेनमा यांनी तो बांधला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं गाना, रॅप आणि रॉक त्यांनी एकत्र आणलं. जातीवर थेट बोलणारी गाणी आणि मन लावून केलेली संगीतरचना एकाच मंचावर चालते, हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे बुद्धविहारं आहेत, जयंती मंडळं आहेत. एका रात्रीच्या डीजेवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग बाजूला काढून मंडळाच्या मालकीची वाद्यं घ्या. विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम होऊ द्या. हलगी वाजवणाऱ्या ज्येष्ठांना गुरू म्हणून बोलवा आणि मानधन द्या. कुणी चार ओळींचं घोषणागीत करेल, कुणी पंधरा मिनिटांची रचना. दोघांनाही मंच द्या. गाणं कुणाच्या बाजूने उभं आहे, एवढं मात्र दोघांनाही विचारा.

जय भीम!