कृषिदूत दारात आले की वही काढा

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांची पोरे-पोरी पदवीच्या शेवटच्या वर्षी काही आठवडे गावात काढतात. 'कृषिदूत', 'कृषिकन्या' म्हणून येतात. रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क करून दाखवतात. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण शेतकरी अडाणी म्हणून कर्जात बुडाला, एवढेच ठरवून कोणी येत असेल, तर त्याचे शिक्षण अर्धेच राहणार.

शरद जोशी अर्थशास्त्र शिकवत होते, पुढे स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला होते. शेती तोट्यात का, हे त्यांना कळले ते आंबेठाणच्या कोरडवाहू रानात स्वतः पीक काढून जमाखर्च मांडला तेव्हा.

आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका शेतकऱ्याच्या एका पिकाचा एकरी हिशेब मांडावा. बियाणे, खत, मजुरी, घरच्या माणसांचे कष्ट धरावेत. २०१८ पासून सरकार दीडपट हमीभाव सांगते तो एवढ्याच खर्चावर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात येत नाही. विद्यार्थ्यांनी तेही धरावे आणि आडत्याची पट्टी शेजारी ठेवावी.

दोष आपलाही आहे. आपण खर्च लिहून ठेवत नाही. शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, यंदा पेरणीपासून वही घाला. यातलीच काही पोरे उद्या बँकेत आणि कृषी खात्यात बसतील, आपल्या कर्जाच्या कागदावर सही करतील. आपला हिशेब त्यांनी आजच आपल्या ओसरीवर बसून शिकावा.