बॉस विसरायला लागला तर?

'अस्तु' पाहिलाय ना? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. हत्तीच्या मागे निघालेले डॉ. मोहन आगाशे बघून जीव कासावीस होतो. पण तिथे ते निवृत्त प्राध्यापक असतात. डिमेन्शिया म्हटलं की आपल्या डोक्यात पांढरे केस आणि पेन्शनच येतं, नाही का?

आता तुमच्याच ऑफिसातला माणूस घ्या. वय ५२. मुलगी बारावीत, फ्लॅटचे हप्ते अजून आठ वर्षं. एक्सेल कोळून प्यायलेला हा गृहस्थ साध्या मेलला तीन तास लावायला लागतो, मीटिंगमध्ये भलतंच बोलतो. मग कॅन्टीनमध्ये चर्चा : 'सटकलाय', 'मिडलाइफ क्रायसिस', 'रात्रीची उतरली नसेल'. असले जोक मी भरपूर ऐकलेत. अप्रेझलमध्ये त्याचं काय होतं, ते सांगायला नको.

पासष्टीच्या आत सुरू होणाऱ्या डिमेन्शियाची गोची हीच. त्यातल्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत असते, बदलतो तो स्वभाव. बायको तापाने फणफणली तरी हा ढिम्म! मग घरात भांडणं होतात, आणि न्यूरॉलॉजिस्टचं नाव फार उशिरा निघतं. हे काही आजचं फॅड नाही हं. डॉ. अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला तपासलेली ऑगुस्ट डेटर ५१ वर्षांची होती. नवऱ्यावर उगाच संशय घेणं, इथून तिचा आजार सुरू झाला होता.

(चावी विसरलात म्हणून लगेच घाबरू नका. बी-१२, थायरॉइड, डिप्रेशन हे आधी तपासतात, आणि त्यावर उपचार आहेत.)

निदान झालं की खरी कसरत वहिनींची. सरकारची एल्डरलाइन, १४५६७, साठीच्या पुढच्यांसाठी. डे-केअर शोधलं तर तिथे बहुतेक आजी-आजोबा. आपला धडधाकट ५२ वर्षांचा माणूस बसणार कुठे? २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसला, १४४१६, वयाची अट नाही, एवढाच दिलासा.

पैशाचं तर विचारूच नका, राव. 'पॉवर ऑफ अॅटर्नी आहे की' असं सगळे म्हणतात. पण माणसाची समजण्याची क्षमता गेली की करार कायद्यानुसार ती संपते. मग पालक नेमून घ्यायला थेट हायकोर्टाची पायरी. म्हणून जॉइंट अकाउंट, नॉमिनेशन, मृत्युपत्र हे सगळं त्याला कळतंय तोवरच, त्याच्याशी बोलून करायचं. उपचारांचे निर्णय घेताना आपल्या वतीने कोण बोलेल, हेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला आधीच लिहून ठेवता येतं.

आणि आपण, म्हणजे कलीग मंडळी? निदान ऐकल्यावर फोन करणं बंद करू नका. रविवारी सकाळी त्याला तळजाईवर फिरायला न्या, तेवढे दोन तास वहिनी झोपतील. भेटल्यावर 'ओळखलंत का मला?' अशी परीक्षा घेऊ नका. सरळ आपलं नाव सांगा आणि चालायला लागा.