वाहनाश्रमधर्म

मनुष्याच्या आयुष्याचे भाग पाडण्याची हौस सर्व काळी व सर्व देशी दिसून येते. आमच्या शास्त्रकारांनी आश्रम चार सांगितले. शेक्सपिअरने 'ॲज यू लाइक इट'मधील उदास जेक्विसच्या मुखाने अवस्था सात मोजल्या. परंतु मनुष्य कशावर बसून हिंडतो यावरून त्याची अवस्था ठरवावी, ही कल्पना या दोघांपैकी कोणासही सुचली नाही. शेक्सपिअरचा शाळकरी मुलगा कुरकुरत का होईना, पण आपल्या पायांनी शाळेत जातो. आणि मनूने तर ब्रह्मचाऱ्यास छत्री व पादत्राण हीही वर्ज्य केली आहेत. ही उणीव आमच्या पिढीने भरून काढली. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यम वर्गाने एक नवाच आश्रमधर्म सिद्ध केला असून तो ज्या निष्ठेने पाळला जातो, त्या निष्ठेने आमच्या पणजोबांनी संध्याही केली नसेल. तीन चाकांची खेळण्यातली गाडी, मुंजीच्या वयाला सायकल, दहावी पार पडताच स्कूटर, नोकरी लागताच मोटारसायकल, लग्नानंतर लहान मोटार, मूल झाल्यावर तिच्याहून मोठी, आणि पन्नाशीच्या सुमारास उंच बैठकीची, थोराड, रस्ता अडवून उभी राहणारी तिसरी मोटार! एखाद्याने यातली पायरी चुकविली, तर त्याचे नातलग 'सगळे ठीक आहे ना?' अशी हलक्या आवाजात चौकशी करू लागतात.

वयाबरोबर गरजा बदलतात आणि गरजांबरोबर वाहने बदलतात, यात वावगे ते काय, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. 'आमची पहिली गाडी' या विषयावर हळवे स्मरणलेख लिहिणारेही तेच, आणि जाहिरातदारही तेच म्हणतात. आमचा वाद आहे तो या समजुतीशीच. वाहनांचा हा क्रम निसर्गनियम नव्हे; तो एका पिढीने उचललेला रिवाज आहे, आणि त्याचा खर्च त्या रिवाजाबाहेर असलेल्यांकडून वसूल केला जात आहे.

हा क्रम किती अलीकडचा आहे, हे आधी पाहू. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ज्या काळी ओळखले जाई, त्या काळी विद्यार्थी सायकलीवर कॉलेजात येई आणि त्याला शिकविणारा प्राध्यापकही सायकलीवरच येई. वीस वर्षांचा मुलगा व पन्नास वर्षांचा गृहस्थ यांच्या वाहनांत फरक असलाच तर तो घंटेच्या आवाजाचा. पुष्कळ गृहस्थांची एकच सायकल त्यांच्या लग्नापासून पेन्शनीपर्यंत पुरत असे. मागच्या कॅरिअरवर आधी पत्नी, मग मुले व शेवटी दळणाचा डबा अशी बैठक बदलत गेली, वाहन मात्र बदलले नाही. पुढे १९७२ साली बजाजची चेतक आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण केलेले हे वाहन मिळविण्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागे. आणि या दुर्मिळतेमुळेच ते सोयीच्या यादीतून निघून ऐपतीच्या यादीत जाऊन बसले. लग्नाच्या बोलण्यांत हुंड्याच्या रकमेशेजारी स्कूटर येऊन बसली ती याच काळात. त्याच १९७२ सालची लूना आणि १९८४ ची बटण दाबताच सुरू होणारी कायनेटिक होंडा यांच्याविषयी मात्र वाईट शब्द काढण्यास आमची जीभ धजत नाही. या लहानशा गाड्यांनी महाराष्ट्रातील शिक्षिकांस, परिचारिकांस व कारकून स्त्रियांस जे स्वातंत्र्य दिले, ते पुष्कळशा सुधारणाविषयक व्याख्यानांनी दिले नव्हते. 'मला कोण सोडील?' हा प्रश्न ज्या दिवशी मराठी स्त्रीने विचारणे थांबविले, त्या दिवसाचे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे.

नंतर १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकास देण्यात आली. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन व साडेतीन मीटरांहूनही कमी लांबी असलेली ही गाडी चार माणसांच्या कुटुंबाला पुरेशी होती. पाचवा पाहुणा आला तर तोही सामावून जाई. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी, ही डॉक्टर-वकिलांची असे. मारुतीने मोटार प्राध्यापकाच्या दारात आणली. इथवर गरज व वाहन यांची संगत बरी होती, हे आम्ही मान्य करतो.

परंतु त्यानंतर काय झाले? कुटुंबे लहान होत गेली आणि मोटारी मोठ्या होत गेल्या. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक त्या उंच, अवजड जातीच्या आहेत. ती साडेचार मीटरांहूनही लांब मोटार घरी येते कधी? मुलगी बंगळूरला व मुलगा अमेरिकेला गेल्यावर! ज्या वयात चार मुले, दोन म्हातारी माणसे व एक शिधा भरलेले पोते न्यावयाचे होते, त्या वयात आमच्या वडिलांजवळ स्कूटर होती. आणि ज्या वयात नवरा-बायको दोघेच भाजी आणावयास जातात, त्या वयात आमच्या दारी सात जणांची बैठक असलेले वाहन सात वर्षांच्या हप्त्यांनी उभे आहे. याला गरजेचा न्याय म्हणावे, तर गणितशास्त्र नव्याने लिहावे लागेल.

खरे कारण गरज नव्हे, पायरी हे आहे. आणि पायरीचा नियम असा की, वर चढता येते, खाली उतरता येत नाही. याचा दाखला नॅनोइतका स्वच्छ दुसरा नाही. पावसात एका स्कूटरवर चाललेले अख्खे कुटुंब पाहून रतन टाटा यांना तिची कल्पना सुचली. १० जानेवारी २००८ रोजी ती लोकांपुढे आली व २००९ पासून रस्त्यावर धावू लागली. स्कूटरवरच्या चौघांना छप्पर मिळावे हा हेतू उदात्त होता. पण 'सर्वांत स्वस्त मोटार' हे बिरुद तिच्या कपाळी लागले, आणि ज्या वर्गासाठी ती बनविली होती तोच वर्ग तिच्याकडे पाठ फिरवून उभा राहिला. गाडीत इतर दोष नव्हते असे नाही. परंतु स्वस्तपणा हाच ज्या बाजारात सर्वांत मोठा दोष ठरतो, तेथे माणसे वाहन विकत घेत नसून दर्जा विकत घेत आहेत, हे उघड आहे. दहा वर्षांत नॅनोचे उत्पादन थांबले.

येथे कोणी म्हणेल, की आपापल्या पैशाने कोणी दर्जा विकत घेतला तर तुमचे काय गेले? सोने घ्यावे, शालू घ्यावेत, तशी मोटार. आक्षेप योग्य आहे. पण शालू रस्त्यावर उभा करून ठेवावा लागत नाही. वाहनाश्रमधर्माचे जे दोन बळी आहेत, ते त्या क्रमाच्या दोन टोकांस आहेत: एक अजून चालक न झालेला आणि दुसरा आता चालक न राहिलेला.

पहिल्याचे पाहा. मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे सोळा वर्षांच्या मुलास पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतचीच दुचाकी चालविता येते, बाकी सर्व वाहनांस अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. तसली पन्नासची गाडी आज दुकानात शोधून सापडणे कठीण. म्हणून दहावी झालेला मुलगा शिकवणीस जातो तो त्याच्या दुप्पट शक्तीच्या स्कूटरवर, आणि तिची किल्ली त्याच्या हाती देतात ते पदवीधर आईबाप! २०१९ च्या दुरुस्तीने अशा पालकांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. कायद्याने बापास तुरुंग दाखविला, तरी बाप म्हणतो, 'इतरांची मुले जातात, मग आमच्याच मुलाने चालत जायचे काय?' १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मारले गेले, ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्याला प्रथम जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा देश संतापला, व ते योग्यच झाले. परंतु त्या संतापलेल्यांपैकी कितीजणांच्या वाड्याच्या वा सोसायटीच्या आवारात त्या सकाळीही परवाना नसलेल्या मुलाची स्कूटर उभी होती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. श्रीमंताच्या मुलाने कोट्यवधींच्या मोटारीत केला तो अपराध, आणि आमच्या मुलाने लाखाच्या स्कूटरवर केला तो क्लास गाठण्याचा प्रयत्न, असा भेद आम्हांस करता येत नाही. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी दोन-पंचमांशाहून अधिक दुचाकीवरची होती, आणि दर पाचांतला जवळजवळ एक पायी चालणारा होता.

दुसऱ्या टोकाची कथा इतकी गाजत नाही, कारण तीत रक्त सांडत नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच नवा करून मिळतो. त्यासोबत वैद्याचा दाखलाही लागतो. एके दिवशी मोतीबिंदू, गुडघा किंवा हात थरथरणे यांपैकी काहीतरी आडवे येते आणि मुलगा बापाच्या हातून किल्ली काढून घेतो. मुलाचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे वाहनावरून स्वतःला मोजले, त्याला त्या दिवशी आपण शून्य झालो असे वाटते. आणि ते केवळ वाटणे नसते. जिना उतरला की पदपथावर स्कूटरी उभ्या; रस्ता ओलांडावा तर मोटारी थांबत नाहीत; बसथांबा गाठला तर बस कधी येईल हे कोणी सांगत नाही, आणि आलीच तर तिची पायरी गुडघ्यास मानवत नाही. मंडई, ग्रंथालय, बालमित्राचे घर ही सर्व दोन कोसांच्या आत असून परदेशाइतकी दूर जातात. ज्या मराठी आईबापांनी न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने काढले आहेत, त्यांना हा अनुभव आधीच परिचित आहे: घर मोठे, अंगण हिरवे, आणि मुलगा शनिवारी मोकळा होईपर्यंत दूध आणावयाचीही सोय नाही. तेथून परतताना ती माणसे 'आपले पुणेच बरे, पायाने कुठेही जाता येते' असे म्हणत असत. तेच पुणे आपण त्या मापाने बेतून काढीत आहोत.

आणि हा अवघा क्रम आहे तरी कितीजणांचा? २०११ च्या जनगणनेत मोटार असलेली कुटुंबे शंभरात पाचही नव्हती. सायकल असलेली मात्र चव्वेचाळीसांहून अधिक होती. त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या हे खरे; तरीही मोटार असलेले घर हे या देशात अल्पसंख्यच आहे. परंतु रस्त्याची रुंदी, पुलांची उंची व पार्किंगची चिंता ही सर्व त्याच अल्पसंख्याच्या सोयीने ठरते. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, तेव्हा त्यांवर म्हाताऱ्या माणसांनी बसावयास सुरुवात केली. त्याच वेळी 'मोटारी कुठे लावायच्या?' असा आक्रोशही झाला, आणि तो करणारे आमच्याच वर्गातले होते.

'बस धड नाही, म्हणून मोटार घ्यावी लागते' हे उत्तर आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. त्यात अर्धे सत्य आहे. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्यास पहिली एस.टी. सुटली, ती खेड्यातल्या शेतकऱ्याइतकीच मामलेदाराच्या कुटुंबाचीही होती. जोवर शहाण्यासुरत्या, अर्ज लिहू शकणाऱ्या, संपादकास पत्र पाठवू शकणाऱ्या माणसांची बायकामुले बसमध्ये बसत होती, तोवर बस उशिरा आली तर त्याचा बोभाटा होई. तो वर्ग उतरून स्कूटरवर व मग मोटारीत जाऊन बसला, आणि बसची तक्रार करणारा आवाज बसमधून नाहीसा झाला. बस बिघडली म्हणून आम्ही उतरलो, हे जितके खरे, तितकेच आम्ही उतरलो म्हणून ती अधिक बिघडली, हेही खरे आहे. सरकारने २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट केले. तेव्हा त्या गाड्या किती भरभरून धावू लागल्या ते कोणत्याही स्थानकावर जाऊन पाहावे. गरज होती, ती मोजणारे कोणी नव्हते.

मोटार कोणी विकून टाकावी असे आमचे म्हणणे नाही. रुग्णास रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावे लागते, आणि कोकणात पावसाळ्यात वृद्ध आईला न्यावयाचे तर स्कूटर चालत नाही, हे आम्हांसही कळते. आमची मागणी इतकीच, की मुलगा अकरावीत गेला म्हणून स्कूटर, बढती मिळाली म्हणून मोटार आणि षष्टी जवळ आली म्हणून आणखी मोठी मोटार, हा जो कुळाचार आम्ही बसविला आहे, त्याला वयाचा धर्म म्हणू नये. महानगरपालिकेचा उमेदवार मते मागावयास सोसायटीत येतो, तेव्हा त्याला पार्किंगचे काय करणार हे हटकून विचारले जाते. आमच्या थांब्यावर बस किती मिनिटांनी येते आणि घरापासून त्या थांब्यापर्यंत सत्तर वर्षांच्या बाईने कोणत्या वाटेने चालत जावे, हे त्याला कोणी विचारल्याचे आजवर आमच्या ऐकिवात नाही.