दात कशाने घासता, एवढं विचारा

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, पालघर यांस,



ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बालवाड्यांचं काम घेऊन बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या. तेव्हापासून आमच्याकडे बालवाडीतल्या पोरांची नखं-दात पाहायची रीत आहे. माझ्या शेजाऱ्याच्या तोंडात मात्र आठ महिने कुणी पाहिलं नाही.

तो चिकूच्या वाडीत तोडणीला जायचा. गालाच्या आत, खालच्या दाढेशी पांढरा चट्टा. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "तोंड आलंय." बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला मलम. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला मलम बदललं. तोवर घरी तो भाकरी वरणात कुस्करून खायला लागला होता, तिखट झोंबायचं. तिन्ही वेळा मी सोबत होतो. टॉर्च काही टेबलावरून उचलली गेली नाही. शेवटी दाढ हलते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. दोनच जेमतेम गेली. डॉक्टरांनी मुकाट्याने टाटा कॅन्सर हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली.

न भरणारी जखम, लाल-पांढरा चट्टा, कमी उघडणारं तोंड, मानेतली गाठ म्हणजे तोंडाच्या कॅन्सरची शंका, हे परीक्षेत सगळ्याच डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. ओपीडीची रांग दाराबाहेर गेली की ते मागे पडतं, हेही समजू शकतो. माझं भांडण आहे ते केसपेपरवरच्या 'व्यसन' या शब्दाशी. तो विचारला की आमच्याकडची बाई "नाही" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री तिच्या लेखी दात घासायची वस्तू. सकाळी, दुपारी, निजताना बोट हिरडीवर फिरतं. सुपारीलाही कुणी व्यसन म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मात्र ती तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचं २००४ च्या अहवालातच नोंदवलं. बिडी-सिगारेट विचारूनही भागत नाही. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, खाणारे-लावणारे चोवीस टक्क्यांवर.

म्हणून आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना प्रश्न बदलायला सांगा: दात कशाने घासता? गालात काय धरता? ताडी-दारू किती? आणि गाल बोटाने ओढून आत टॉर्च मारायला सांगा. त्रिवेंद्रमकडे आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटले. २००५ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. प्रशिक्षणाला खासगी दवाखानेवाल्यांनाही बोलवा. लोक आधी तिथेच जातात.

आणखी एक. "पंधरा दिवसांनी दाखवा" हे डहाणू-तलासरीत दिवाळीनंतर सांगून उपयोग नाही. निम्मा पाडा वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला असतो, तो पावसाच्या तोंडाशी परततो. अशा माणसाचं नाव आणि फोन त्याच दिवशी आशाताईंकडे गेला पाहिजे, आणि भट्टीजवळच्या केंद्राकडेही.

शेजाऱ्याची बायको मिश्री लावते. परवा ताप आला म्हणून तिला दवाखान्यात नेलं. केसपेपर माझ्यासमोर आहे. व्यसन : नाही.

आपला,
कोसबाडचा एक निवृत्त शिक्षक